स्टेडियम शहराच्या मध्यभागीं असावें कीं उपनगरांत?

वादविवादसभेंत निघणारे कांहीं विषय असे असतात कीं, त्यांचा निकाल कोणत्याही बाजूनें लागला तरी कोणाचें बरेंवाईट होत नाहीं. फुटबॉलचें नवें स्टेडियम शहराच्या मध्यभागीं बांधावें कीं उपनगरांत, हा विषय वरवर पाहतां त्याच जातीचा वाटतो. परंतु तो तसा नाहीं. सभेंतील भाषण दुसऱ्या दिवशीं मागें घेतां येतें, सिमेंटाचें काम मागें घेतां येत नाहीं. एकदां उभें राहिलेलें स्टेडियम पुढें पन्नास वर्षें कोणाला 'ये' म्हणतें, तर कोणाला न बोलतां परत पाठवितें. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू कशा तोलाव्या आणि आपलें मत कोणत्या पायावर उभारावें, हें प्रस्तुत लेखांत आम्ही कांहीं शहरांच्या उदाहरणांनीं दाखविणार आहों.

पहिला पक्ष

मध्यभागाचा कैवार घेणाऱ्यांचें पहिलें प्रमाण असें कीं, शहरांतील साऱ्या वाटा मध्यभागाकडे येतात. रेल्वेचें मोठें स्थानक तेथें, बसगाड्यांचा तळ तेथें. उत्तरेकडील व दक्षिणेकडील रहिवाशांना मध्यभाग बहुधा सारख्याच अंतरावर पडतो. एका बाजूचें उपनगर मात्र एकाला जवळ, तर दुसऱ्याला दुप्पट लांब. दुसरें प्रमाण असें कीं, सायंकाळीं काम सुटल्यावर मनुष्य तेथें पायींही जाऊं शकतो. त्याला घरीं जाऊन पुन्हा बाहेर पडावें लागत नाहीं. तिसरें, सामना पाहून बाहेर पडलेले लोक चहा घेतात, खानावळींत जेवतात, चार वस्तू विकत घेतात. त्यामुळें जुन्या पेठेला चार पैसे मिळतात. चौथें प्रमाण पैशाचें नव्हे, मनाचें आहे. खेळ हा नगरजीवनाचा एक भाग आहे. तो नगराच्या हृदयांत असावा, वेशीबाहेर नसावा.

दुसरा पक्ष

उपनगराचा पक्षही दुबळा नाहीं. फुटबॉलचें प्रमाणबद्ध मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर असतें. त्याभोंवतीं बैठका, जिने, दरवाजे, खेळाडूंच्या खोल्या आणि गर्दी क्षणभर थांबूं शकेल असें अंगण धरलें, तर याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढी जागा मध्यभागीं मिळवावयाची म्हणजे एक तर कोणाचीं तरी घरें उठवावीं लागतात, नाहीं तर मुलांचें मोकळें मैदान घ्यावें लागतें. शिवाय मध्यभागीं रुग्णालयें, शाळा व दाट वस्ती असते. सामन्याच्या दिवसाचा गोंगाट व रस्त्यांची कोंडी त्यांना सोसावी लागते. उपनगरांत रुंद दरवाजे ठेवतां येतात, आणि संकटकाळीं माणसें लवकर बाहेर काढतां येतात. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शहराचा मध्य नकाशावर एका जागीं स्थिर असतो, पण वस्तीचा मध्य सरकत असतो. लोकच जर उपनगरांत राहावयास गेले, तर खेळ त्यांच्या मागें कां जाऊं नये?

दोन्ही पक्षांचें बहुतेक म्हणणें खरें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. अशा वेळीं केवळ युक्तिवादानें निर्णय होत नाहीं. ज्या शहरांनीं हे प्रयोग करून पाहिले त्यांची साक्ष काढावी लागते.

कोलकात्याची साक्ष

हिंदुस्थानांत फुटबॉलवर कोलकात्याइतकें प्रेम करणारीं शहरें थोडीं. इ. स. १७५७ च्या पलाशीच्या लढाईनंतर इंग्रजांनीं नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधावयास घेतला आणि तोफांच्या माऱ्यासाठीं भोंवतालचें रान तोडून मोकळी जागा केली. तेंच पुढें शहराचें 'मैदान' झालें. मोहन बागान, मोहमेडन स्पोर्टिंग व ईस्ट बंगाल या तिन्ही नामांकित संघांचीं क्रीडांगणें या मैदानावर आहेत. २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघाचा २ विरुद्ध १ गोलांनीं पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकलें, तें याच परिसरांत. त्या दिवशीं आगगाड्यांनीं व आगबोटींनीं दूरदूरचे लोक लोटले होते. ज्यांना खेळ दिसणें शक्य नव्हतें त्यांना पतंग उडवून गोलांची संख्या कळविली जात होती, असें वर्णन आढळतें. शहराच्या मध्यभागाचें सामर्थ्य याहून चांगलें कोणतें उदाहरण दाखवील?

परंतु त्याच मध्यभागाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मैदानाची जमीन सैन्याच्या ताब्यांतील; तेथें मोठें पक्कें बांधकाम करण्यास सहसा परवानगी मिळत नाहीं. खेळाचें वेड वाढत गेलें, पण प्रेक्षकांची सोय त्या मानानें वाढली नाहीं. मोठे सामने ईडन गार्डन्स या मुख्यतः क्रिकेटसाठीं प्रसिद्ध असलेल्या जागीं होत. १६ ऑगस्ट १९८० रोजीं तेथें ईस्ट बंगाल व मोहन बागान यांच्या सामन्याच्या वेळीं प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली व १६ जणांचे प्राण गेले. खेळ पाहावयास घरून निघालेली माणसें परत आलीं नाहींत. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं त्या तारखेस कोलकात्यांत रक्तदान केलें जातें. या दुर्घटनेस दोन पक्षांच्या प्रेक्षकांची एकत्र बसण्याची व्यवस्था आणि बंदोबस्तांतील ढिलाई हीं कारणें होतीं. तेव्हां सारा दोष जागेच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पण हजारों माणसें कोठें व कशीं बसवावीं हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जीवितरक्षणाचा आहे, हें त्या दिवसानें शिकविलें.

जानेवारी १९८४ मध्यें शहराच्या पूर्वेस सॉल्ट लेक येथें नवें स्टेडियम सुरू झालें. हा भाग पूर्वीं खाऱ्या पाण्याची दलदल होता. हुगळी नदींतील गाळानें ती भरून तेथें आंखीव उपनगर वसविण्यांत आलें होतें. स्टेडियमला तीन मजली बैठका होत्या व सव्वा लाखाच्या आसपास प्रेक्षक तेथें मावत. १३ जुलै १९९७ रोजीं फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्यास १,३१,७८१ प्रेक्षक आले होते, आणि ईस्ट बंगालनें मोहन बागानवर ४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. पुढें स्वतंत्र खुर्च्या बसविल्यावर जागा जवळजवळ निम्म्यानें घटल्या, पण बसणें सुरक्षित झालें. २८ ऑक्टोबर २०१७ रोजीं सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना तेथेंच झाला. इंग्लंडनें स्पेनला ५ विरुद्ध २ गोलांनीं हरविलें व ६६ हजारांहून अधिक लोकांनीं तो पाहिला.

तर मग उपनगराचा पक्ष जिंकला काय? येथें थोडें थांबावयास पाहिजे. स्टेडियम १९८४ सालीं उघडलें. त्याच्या दारांशीं मेट्रो रेल्वे आली ती फेब्रुवारी २०२० मध्यें. म्हणजे मध्यें ३६ वर्षें गेलीं. त्या वेळीं देखील ती गाडी उपनगरांतल्या उपनगरांतच धांवत होती. सियालदहपर्यंत ती जुलै २०२२ मध्यें पोहोंचली. आणि हुगळीपलीकडील हावड्यापासून मध्यभागांतील एस्प्लनेड व सियालदह या मार्गानें ती अखंड सुरू झाली ऑगस्ट २०२५ मध्यें. मोठ्या सामन्याच्या दिवशीं लोक वाटेल तो त्रास सोसून येतात, हें १९९७ च्या गर्दीनें दाखविलें. पण वर्षांतील एका सणावरून बाराही महिन्यांच्या संसाराचा अंदाज बांधूं नये. सामान्य दिवशीं, सामान्य सामन्यास, हावड्याकडील कामगारानें बस बदलीत जावें व रात्रीं बस शोधीत परतावें, अशी ती ३६ वर्षें होतीं. स्टेडियम आधीं व रेल्वे मागून, या क्रमाची ही किंमत आहे.

डेट्रॉइटची साक्ष

आतां अमेरिकेंतील एका शहराकडे वळूं. कारण तेथें हा प्रयोग दोन्ही अंगांनीं करून पाहण्यांत आला आहे. अमेरिकेंत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा, लांबट चेंडू मुख्यतः हातांत धरून खेळावयाचा आहे. तथापि जागेचा प्रश्न तोच. डेट्रॉइटचा 'लायन्स' संघ शहराच्या मध्यभागाजवळील टायगर स्टेडियमवर खेळत असे. १९७५ सालीं तो वायव्येकडील पाँटिअ‍ॅक या गांवीं गेला. हें गांव डेट्रॉइटच्या मध्यभागापासून सुमारें तीस मैल दूर आहे. मोटारींचें शहर, रुंद रस्ते, स्वस्त जमीन. मग अंतराची भीति कोणाला? ५ कोटी ५७ लक्ष डॉलर खर्चून ८० हजार लोकांचें 'सिल्व्हरडोम' स्टेडियम तेथें उभारण्यांत आलें. तें गांवाच्या नगरसंस्थेच्या मालकीचें होतें. सप्टेंबर १९८७ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तेथें उपासना चालविली, आणि १९९४ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचे कांहीं सामनेही तेथें झाले.

पण डेट्रॉइट व पाँटिअ‍ॅक यांना जोडणारी स्थानिक प्रवासी रेल्वे १९८३ सालीं बंद पडली. मोटार नसलेल्या माणसाला स्टेडियम आणखीच दूर झालें. पुढें २००१ च्या हंगामानंतर लायन्स संघ पुन्हा डेट्रॉइटच्या मध्यभागीं, 'फोर्ड फील्ड' या नव्या स्टेडियममध्यें परतला. पाँटिअ‍ॅकला मोठें रिकामें घर तेवढें उरलें. २००९ सालीं, गांवाच्या पैशाच्या अडचणीमुळें कारभार प्रशासकाच्या हातीं असतां, तें लिलांवांत ५ लक्ष ८३ हजार डॉलरांस विकलें गेलें. बांधणीच्या शंभर डॉलरांमागें एक डॉलर हातीं आला. मधल्या काळांतील महागाई धरली तर तेवढाही नाहीं. डिसेंबर २०१७ मध्यें तें सुरुंग लावून पाडण्यांत आलें. पहिल्या दिवशीं सुरुंग उडूनही तें पडेना. दुसऱ्या दिवशीं पडलें.

यावरून मध्यभागाच्या पक्षानें विजयाचा नगारा वाजवावा असेंही नाहीं. फोर्ड फील्ड २००२ सालीं उघडलें. त्यानंतर अकराच वर्षांनीं, जुलै २०१३ मध्यें, खुद्द डेट्रॉइट नगरपालिकेनें दिवाळें काढलें. स्टेडियम मध्यभागीं आणलें म्हणजे गांव सांवरतें, ही समजूत फोल आहे. अमेरिकेंतील अशा खर्चाचा अभ्यास करून रॉजर नोल व अँड्र्यू झिंबलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं जो ग्रंथ संपादित केला, त्यांतही लोकांच्या करांतून बांधलेल्या स्टेडियमांपासून गांवाला सांगितलेला नफा होत नाहीं, असाच निष्कर्ष निघाला. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. तेथील एका संघाचे स्वतःच्या मैदानावरील नेहमींचे सामने वर्षांतून आठ किंवा नऊच असतात. बाकीच्या साडेतीनशे दिवसांत शेजारच्या खानावळीनें कोणाला जेवूं घालावें? मात्र फोर्ड फील्डची एक गोष्ट घेण्याजोगी आहे. एका जुन्या दुकानाची मोठी वखार न पाडतां स्टेडियमच्या इमारतींत सामावून घेण्यांत आली. अगोदरच बांधलेली जागा पुन्हा उपयोगांत आणली, हा त्यांतील धडा.

थोडा हिशेब

आतां एक उदाहरण सोडवून पाहूं. ६०,००० प्रेक्षक मोटारींनीं आले, व प्रत्येक मोटारींत ४ जण बसले, असें धरूं. मोटारी झाल्या १५,०००. एका मोटारीला उभें राहण्यास व वळण्यास मिळून २५ चौरस मीटर जागा धरली, तर ३,७५,००० चौरस मीटर जागा लागेल. ७,१४० नें भागल्यास उत्तर येतें ५२ हून कांहींसें अधिक. म्हणजे एका मैदानावरील खेळ पाहण्यासाठीं बावन्न मैदानांएवढी जागा मोटारी उभ्या करण्यांत घालवावी लागेल!

तेच ६०,००० लोक आगगाडीनें आले, व एका गाडींत २,००० माणसें मावलीं, असें धरूं. गाड्या लागतील ३०. दर तीन मिनिटांस एक गाडी सुटली तर दीड तासांत, आणि दोन दिशांस गाड्या सुटल्या तर पाऊण तासांत सारें स्टेडियम रिकामें होईल. उपनगरांतील जमीन स्वस्त असते हें खरें. पण रेल्वे नसली तर ती स्वस्त जमीन इतकी लागते कीं, स्वस्ताई उरतच नाहीं. या हिशेबांतील आंकडे आम्ही सोयीसाठीं धरले आहेत. विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवचे आंकडे घालून तो पुन्हा करावा.

मुंबईकडे पाहतां

हीच कसोटी आपल्या मुंबईस लावून पाहूं. चर्चगेट स्थानकाजवळ १९३७ सालीं ब्रेबॉर्न स्टेडियम झालें व १९७५ सालीं त्याच्याजवळच वानखेडे स्टेडियम उभें राहिलें. हीं दोन्ही क्रिकेटचीं. पण विरार-बोरिवलीचा मनुष्य एकाच गाडीनें तेथें जातो व एकाच गाडीनें परततो, हें त्यांचें खरें वैभव. उलट नेरूळचें स्टेडियम नव्या मुंबईंत, म्हणजे जुन्या शहराबाहेर. तें २००८ सालीं उघडलें. परंतु नेरूळास लोकलगाडी त्यापूर्वीं पंधरा वर्षांच्या सुमारास पोहोंचली होती. म्हणून २०१७ च्या मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचे सामने तेथें होऊं शकले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारतीय महिलांनीं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तोही तेथेंच. तो सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. अशा वेळीं घरीं कसें जावें हा प्रश्न विशेषतः मुलींच्या व त्यांच्या आईबापांच्या दृष्टीनें किती महत्त्वाचा आहे, हें सांगावयास नकोच.

अंधेरीचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. तेथील फुटबॉलच्या लहानशा स्टेडियममध्यें १ जून २०१८ रोजीं भारतानें चिनी तैपेईचा ५ विरुद्ध ० असा पराभव केला; प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशीं कर्णधार सुनील छेत्री यांनीं लोकांना मैदानावर येण्याची कळकळीची विनंती केली. ४ जून रोजीं केनियाविरुद्धच्या सामन्याचीं सारीं तिकिटें खपलीं, व भर पावसांत भारतानें ३ विरुद्ध ० असा विजय मिळविला. छेत्री यांचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. जागा तीच, बैठका त्याच. तरी तीन दिवसांपूर्वीं रिकाम्या आणि आतां भरलेल्या. तेव्हां केवळ जागेनें प्रेक्षक येत नाहींत, हें एक. आणि प्रेक्षकांच्या मनांत आलें तर वाट मोकळी असावी लागते, हें दुसरें. अंधेरीस उपनगरी रेल्वे होतीच, शिवाय २०१४ पासून मेट्रोचें आझादनगर स्थानकही जवळच होतें. हांक ऐकणाऱ्यास वाट सांपडली.

निर्णय

या सर्व साक्षी एकत्र मांडल्या म्हणजे मूळ प्रश्नच कांहींसा बदलतो. 'मध्यभागीं कीं उपनगरांत' असें विचारण्यापेक्षां 'ज्याच्यापाशीं स्वतःची गाडी नाहीं तो तेथें जाऊन रात्रीं सुखरूप घरीं येईल काय' असें विचारलें पाहिजे. या प्रश्नास 'होय' असें उत्तर असेल तर नेरूळ चालेल. 'नाहीं' असेल तर ऐंशी हजार खुर्च्यांचें पाँटिअ‍ॅकही वायां गेलें. आमचें मत असें कीं, स्टेडियम तेथेंच बांधावें जेथें रेल्वे आधीं पोहोंचली आहे. मग ती जागा मध्यभागीं असो वा उपनगरांत. जेथें रेल्वे नाहीं तेथें प्रथम रूळ घालावे, मग पाया खणावा.

यास आमची एक अट आहे. मध्यभागीं बांधावयाचें झाल्यास जुन्या वखारी, बंद पडलेले कारखाने, अशी अगोदरच बांधलेली जागा घ्यावी. मोकळें मैदान घेऊं नये. स्टेडियममध्यें साठ हजार लोक बसून बावीस जणांचा खेळ पाहतात; मोकळ्या मैदानावर तिकिटाचे पैसे नसलेलीं शेंकडों मुलें स्वतः खेळतात. दुसऱ्या पंक्तीचा घांस काढून पहिल्या पंक्तीस वाढणें हा धर्म नव्हे. शिवाय खेळाडू जन्मतो तो मैदानावर; मैदानें गेलीं तर उद्यां स्टेडियममध्यें खेळणार कोण?

बुरूज बांधण्यापूर्वीं खालीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा शुभवर्तमानांतील एक दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. स्टेडियमच्या बाबतींत या हिशेबांत केवळ दगडविटांचा पैसा धरून भागत नाहीं. प्रेक्षकाच्या परतीच्या वाटेचा वेळ, उठविलेल्या बिऱ्हाडांचें दुःख, गेलेल्या मैदानाची हानि आणि पन्नास वर्षांनंतर त्या इमारतीचें काय होईल ही चिंता, हीं सारीं त्यांत मांडावीं लागतात. वादविवादसभेंत या विषयावर बोलावयास उभें राहणाऱ्या विद्यार्थ्यानें प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याच्या आधीं आपल्या गांवचा नकाशा पुढें घ्यावा, त्यावर रेल्वे व बसचे मार्ग आंखावे, आणि शेवटची गाडी किती वाजतां सुटते तें पाहावें. त्या एका वेळेवर स्टेडियमचें दार कोणासाठीं उघडें आहे हें ठरतें.